मुंगळ्यांच्या घरासाठी सागवान चालेल का?

मुंगळेवाला_सातारा: गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गॅलरीतल्या दिव्याखाली मुंगळ्यांची पंख गळालेली राणी सापडली. पाळायची म्हणून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली, तळाशी पाणी आणि ते अडवायला कापसाचा बोळा. आता पन्नासेक कामकरी झाल्यात, नळी पुरत नाही. आजोबांच्या मोडक्या पाटाची सागवानी फळी आहे, १८ मिमी जाड. पटाशीने खोल्या कोरून वर ॲक्रिलिक स्क्रूने बसवायचं डोक्यात आहे. आधी एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, करून पाहिलं (घर रिकामंच होतं, नशीब!). ओल दिल्यावर आठ दिवसांत पापडासारखं फुगलं, कडेला बुरशी. सागवानाचंही तेच होईल का? आणि आईला भीती, की हे लाकूड खाऊन बाहेर आले तर दारं-खिडक्या गेल्याच.

रंधा_पटाशी: लाकूड खाते ती वाळवी. मुंगळा कुरतडतो फार तर, आणि भुसा बाहेर आणून टाकतो. आपला काळा मुंगळा तर मुळात मातीत, झाडाच्या बुंध्याशी घर करणारा. जुना सागवान उत्तम, कमी फुगतो. पण पाटाला रंग-पॉलिश असेल तर रंधा मारून सगळं उडवा, आतून वॉर्निश नकोच. खोल्या १२ मिमी खोल. ओलीसाठी एका कोपऱ्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरून त्यावर थेंब थेंब पाणी.

गच्चीवरची_बाग: प्लास्टर नको हो! पाणी कडेने लाकडात उतरतंच. माझी फळी अशीच वाकली, ॲक्रिलिकखाली फट पडली आणि रात्रीत अर्धी वसाहत साखरेच्या डब्यात. बाजूने गिरमिटाने भोक पाडून तशीच पाणी-कापसाची नळी अडकवा, म्हणजे ओल नळीपाशी आणि बाकी घर कोरडं. अंडी-अळ्या कुठे ठेवायच्या, कोष कुठे, ते त्या बघून घेतात. आणि स्थलांतराची घाई नको. नवं घर झाकून अंधार करा, जुन्या नळीवर उजेड ठेवा. आपणहून जातील.

मुंगळेवाला_सातारा: भोक पाडलं, नळी घट्ट बसली. तीन दिवस कोणी हललं नाही, चौथ्या रात्री राणीसकट सगळ्या आत. आईने टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात. आजवर फडताळाखाली ठेवायची, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आता खाली उतरू नयेत म्हणून.