दोन भाऊ, पत्र्याची डबी आणि बर्फात हरवलेली तार: हे पुस्तक कुणाला आठवतंय का?

मिरजकर:
नमस्कार मंडळी. लहानपणीचं एक पुस्तक शोधतोय. नाव आठवत नाही, लेखकही नाही. १९८६ किंवा ८७ साल असेल. मिरजेत रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. बाबांनी मला आणि धाकट्या भावाला मिळून एकच पुस्तक घेऊन दिलं आणि बजावलं, "दोघांचं आहे, भांडायचं नाही." मराठीतच होतं.

गोष्ट अशी: दोन भाऊ आईबरोबर राहतात, वडील लांब जंगलात कामाला. आई बाहेर गेलेली असताना तार येते. तेवढ्यात दोघांची जुंपते आणि एक जण दुसऱ्याची पत्र्याची डबी खिडकीतून भिरकावतो. तार नेमकी डबीत! बाहेर बर्फच बर्फ, डबी काही सापडत नाही. मग दोघं ठरवतात की आईने विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण नाही विचारलं तर आपणहून सांगायचंही नाही.

हा नियम आम्ही घरात लागू केला होता. आजीच्या कंदिलाची काच आमच्या चेंडूने फुटली तेव्हा भाऊ माझ्या कानाशी लागला, "विचारलं तरच हां." आजीने विचारलंच नाही. कोनाड्यातली दुसरी काच काढली, राखेने पुसली आणि बसवली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे. त्या रात्री जेवण गेलं नव्हतं मला.

डबी हरवते त्या पानावर भावाने निळ्या बॉलपेनने बर्फात एक डबी काढून ठेवली होती. सापडावी म्हणून. मी त्याला त्यासाठी मारलं होतं. १९९३ मध्ये घर बदललं तेव्हा पुस्तक रद्दीत गेलं. येत्या डिसेंबरात तो पन्नास वर्षांचा होतोय, त्याला ते द्यायचंय.

आणखी एक, काडेपेटीतला काजवा आठवतो. तोही बहुतेक त्याच पुस्तकात होता.

पानपलटी:
अहो, हे 'चुक आणि गेक'! अर्कादी गायदारची गोष्ट, १९३९ सालची. डबी चुकची आणि फेकणारा गेक. वडील भूगर्भशास्त्रज्ञांच्या पथकात असतात, तायगाच्या घनदाट जंगलात, निळ्या डोंगरांजवळ. तारेत लिहिलेलं असतं की निघणं दोन आठवडे लांबवा. आईला ते कळतच नाही, ती दोघांना घेऊन निघते. आगगाडी, मग घोड्यांची घसरगाडी, आणि पोचतात तर सगळा तळ रिकामा! एक रखवालदार तेवढा असतो.
मला सगळ्यात जास्त आठवतो तो गेक हरवण्याचा प्रसंग. आई रडत बर्फात शोधतेय, आणि हा पेटीत लपून तिथेच झोपलेला. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. माझी मुलगी एकदा लग्नाच्या कार्यालयात तासभर सापडेना, तेव्हापासून ती पानं वाचताना पोटात गोळा येतो.
गायदार १९४१ मध्ये युद्धात मारला गेला. अवघा ३७ वर्षांचा होता.

आजीबाई_ठाणे:
काजवा मात्र दुसऱ्या पुस्तकातला बरं का. लेखक व्हिक्टर द्रागून्स्की, आणि गोष्टीतला मुलगा देनिस. संध्याकाळी अंगणात आईची वाट बघत बसलेला असतो, आणि नवाकोरा खेळण्यातला ट्रक मित्राला देऊन त्याच्याकडून डबीतला काजवा घेतो. आई चिडते, एवढ्या महागाच्या ट्रकच्या बदल्यात किडा? तो म्हणतो, तो जिवंत आहे आणि चमकतो. माझ्या नातवाला मी पुस्तक हातात न घेता सांगते ही गोष्ट. दोन्ही पुस्तकं तुमच्या घरात असणार, आठवणीत एकत्र शिवली गेली.

फूटपाथ:
शोधताना नुसतं गोष्टीचं नाव घालू नका, लिहिण्याच्या तऱ्हा बदलतात. 'प्रगती प्रकाशन, मॉस्को' किंवा 'रादुगा' घालून बघा. रादुगा १९८२ मध्ये प्रगतीतूनच वेगळं झालं. मुंबईत लोकवाङ्मय गृहात चौकशी करा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर जुनी सोव्हिएत बालपुस्तकं मोफत आहेत, तिथेही धुंडाळा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात खालून बघत जा, बारीक पुस्तकं तळाशी दबतात.

पानपलटी:
थांबा, माझ्याकडे प्रत आहे. पाठची दोन पानं सुटलीत, पण आहेत. मूळ प्रत देववणार नाही, आईची आहे. सगळी पानं स्कॅन करून पाठवते.

मिरजकर:
पानपलटीताई, पानं मिळाली. काल रात्री एका बैठकीत वाचून काढली. आजीची फार आठवण आली. आज रंगीत छपाई करून बांधायला दिलं. दुकानदार विचारत होता, "या पानावर एवढी मोकळी जागा आहे, मजकूर सुटला नाही ना?" तोच तो बर्फ. त्याला म्हटलं, राहू द्या मोकळी. पुस्तकाबरोबर निळं बॉलपेन घेतलंय.