कोर्सने नाही होणार हे
कंपनीच्या मोठ्या साहेबांचं लोकांसमोरचं बोलणं कळत नसेल तर कुणीतरी म्हणतंच, त्यांना प्रेझेंटेशनचा कोर्स लावा, बोलणं सुधारेल. मला नाही पटत. पुण्याजवळच्या हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांतल्या सीनियर लोकांची भाषणं नीट करायचं काम मी करते, आणि गाडी अडते ती निर्णय सरळ न सांगण्यात. चाकणच्या एका प्लांट हेडच्या भाषणात होतं "बदलत्या मार्केटनुसार आपण शिफ्ट स्ट्रक्चर रीअलाइन करतोय", आता हे ऐकून लाइनवरचा माणूस काय समजणार, तो नोकरी गेली असंच धरणार ना. ते काढून आम्ही "एक तारखेपासून रात्रपाळी बंद, कुणाला काढणार नाही, नाइट अलाउन्सचं ठरलं नाही, शुक्रवारी सांगतो" एवढंच ठेवलं. शुक्रवारी प्लांट हेड खरंच शॉप फ्लोअरवर आला, अजून ठरलं नाही एवढंच सांगायला आला, आणि लोकांचा विश्वास बसला तो तेव्हा. अ‍ॅमेझॉनचा संस्थापक जेफ बेझोसने २००४ साली सीनियर टीमच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंटच काढून टाकलं, पूर्ण वाक्यांत मेमो लिहायचा आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वाचायचा. तसंच आपल्या साहेबांना निदान एक पान तरी स्वतः लिहायला लावा, आणि ते टाउन हॉलच्या, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांसमोरच्या सभेच्या, आदल्या रात्री नको, चांगलं आठवडाभर आधी.