खुलासा, जाब, झाडा : खात्यांना विचारताना वापरायचे शब्द

विचारणा : कनिष्ठ महाविद्यालयातली मराठीची शिक्षिका, कोल्हापूर

नमस्कार. वर्गात सरकारी मराठी हा भाग शिकवायचा आहे, म्हणून विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या वाचायला घेतल्या. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ठरलेली असते. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? मग कंसात आकडे, आणि 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. त्याच अधिवेशनाच्या बातम्या मात्र 'जाब विचारला' आणि 'धारेवर धरले' अशा असतात.

मुलांचा गोंधळ दोन ठिकाणी होतो. टीव्हीवर 'धक्कादायक खुलासा' म्हणजे गौप्यस्फोट, तोच अर्थ त्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे. आणि उत्तरांत जागोजागी येणारं 'प्रश्न उद्भवत नाही' त्यांना उद्धट वाटतं. मंत्री प्रश्नच नाकारतात का, असं विचारतात. खुलासा आणि जाब यांत फरक काय, आणि मराठीत यासाठी आणखी कोणते शब्द आहेत? सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्यांनी सांगावं.

उत्तर : निवृत्त लेखा कर्मचारी, जिल्हा परिषद

बाई, आधी खुलासा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार, गोषवारा. मराठीत येताना 'खुला'शी त्याचं नातं जुळलं आणि अर्थ झाला उलगडा, स्पष्टीकरण. गौप्यस्फोट हा अर्थ हिंदी वाहिन्यांकडून अलीकडे आला. कचेरीत मात्र खुलासा या शब्दाला धार आहे. कर्मचारी गैरहजर राहिला, हिशेबात तफावत आली, की कारणे दाखवा नोटीस निघते आणि 'आपला खुलासा अमुक दिवसांत सादर करावा' असं त्यात असतं. तो समाधानकारक नसेल तर पुढची कारवाई. ज्याने खुलासा मागितला त्याच्या हातात काहीतरी असतं, म्हणूनच तो मागता येतो. सभागृहात 'करतील काय' ही भाषा अदबीची आहे, पण भार तोच.

जाब म्हणजे जबाबच, जवाबचं घासलेलं रूप. त्यामुळे जाब विचारणे म्हणजे उत्तर मागणे, आणि ते देणं ज्याला भाग आहे त्याच्याकडूनच मागणे. जबाबदार हा शब्दही त्याच घरातला, जबाब देण्यास बांधलेला. राज्यघटनेच्या कलम 164(2) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. आपण 'जबाबदार' म्हणताना काळजी घेणारा, शहाणा असा अर्थ घेतो. तिथे अर्थ सरळ आहे. विधानसभेने विचारलं की उत्तर द्यायचं.

आता 'प्रश्न उद्भवत नाही'. मुलांना नमुन्याचा प्रश्न लिहून दाखवा. पंचगंगेत मैलामिश्रित सांडपाणी मिसळते हे खरे आहे काय. असल्यास, ते रोखण्यासाठी मंजूर निधीपैकी किती खर्च झाला. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. पहिल्याचं उत्तर 'हे खरे नाही' असेल तर 'असल्यास'ने सुरू होणारा भाग आपोआप गळतो. तिथे 'प्रश्न उद्भवत नाही' हे व्याकरणाला धरून आहे, त्यात उद्धटपणा नाही. पण पहिल्याचं उत्तर 'हे अंशतः खरे आहे' असं येतं आणि खाली तरीही 'प्रश्न उद्भवत नाही' छापलेलं असतं, तेव्हा थांबायचं. अंशतः म्हणजे कोणता अंश? जो अंश खरा आहे, त्याच्यापुरता खर्चाचा प्रश्न उद्भवलाच की. मुलांना एवढं एक ठिकाण पकडायला शिकवलंत तरी सरकारी मराठी त्यांना वाचता आली असं मी म्हणेन.

आणि ते पकडण्यासाठीच काही प्रश्नांवर तारा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि सदस्यांना त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं, तिथे उपप्रश्न नाही. म्हणजे 'अंशतः' या शब्दावर बोट ठेवायची संधी तारांकितातच.

उत्तर : कागल तालुका

काका, झाडा राहिला की. आमच्या आजीच्या तोंडात लई होता ह्यो शब्द. बाजारातनं आल्यावर 'पैशाचा झाडा दे' म्हणायची. मंजे नुसती बेरीज सांगून चालत न्हवतं, कशाला किती गेलं ते एकेक सांगाय लागायचं. 'झाडाझडती' आपण अजून म्हणतो, पण त्यातला झाडा कोण वेगळा काढून बघत नाही.

आमच्याकडं साखर कारखान्याच्या सभेला बघा काय हुतंय. सभासद आधी लेखी प्रश्न देत्यात. सभेत अहवाल वाचाय सुरुवात झाली की एका बाजूनं 'मंजूर, मंजूर' आणि दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर' ओरडा सुरू. त्या गोंधळात विषय मंजूर हुतो आणि लेखी प्रश्न ऱ्हातो तिथंच. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सभासदांनी संचालकांना धारेवर धरले'. धरलं खरं, पण उसाच्या तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा का झाला त्येचा झाडा काय मिळाला नाही. आवाज चढला मंजे जाब इचारला असं हुत नाही, माझं तर हेच म्हणणं हाय.

उत्तर : निवृत्त लेखा कर्मचारी

झाडा आठवून दिलात, फार बरं केलंत. जुन्या महसुली दप्तरात जमीनझाडा असे. गावची कोणती जमीन कशी, कोणाकडे, याचा तपशील. म्हणजे झाडा हा आरडाओरड्याचा शब्द नाहीच, कागदाचा शब्द आहे. खर्चाच्या बाबतीत खुलाशापेक्षा झाडाच नेमका, कारण खुलासा कारणाचा असतो आणि झाडा रकमेचा.

उत्तर : पत्रकार, कोल्हापूर

बातमीदाराची बाजूही मांडतो. मथळ्याला जागा कमी असते, क्रियापद दमदार लागतं. 'धारेवर धरले', 'फैलावर घेतले', 'खडसावले' हे लोकांच्या ओळखीचे शब्द आहेत. 'तारांकित प्रश्नाच्या उत्तरात अंशतः मान्य' असा मथळा कोण वाचणार?

आणि अधिकाऱ्यांना बोलणारे लोकप्रतिनिधी लोकांना आवडतात, हेही खरं. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीची बैठक होते, आमदार तिथे एकेका खात्याच्या अधिकाऱ्याला उभं करतात. कामं का रखडली, निधी परत का गेला, सगळं तिथे निघतं. याला जाब म्हणायचं नाही तर काय?

उत्तर : निवृत्त लेखा कर्मचारी

दादा, तुम्ही म्हणता ती बैठक उपयोगाची आहे, निधी अडलेला असतो तो सुटतो. पण तिथे काय घडतं ते नीट बघा. बैठकीचे अध्यक्ष मंत्री, म्हणजे सरकारच. तिथे सरकार आपल्याच अधिकाऱ्याची कानउघाडणी करतं. विधानसभेत याच्या उलट आहे. अधिकाऱ्याला तिथे बोलायची मुभाच नाही. तो अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसून चिठ्ठी पाठवू शकतो, पण उभं राहून उत्तर द्यायचं ते मंत्र्यांनी. खात्यात चूक कनिष्ठ लिपिकाची असली तरी उत्तर मंत्र्यांचं. दोन्हींना 'फैलावर घेतले' म्हटलं की वाचकाला वाटतं आमदारांचं काम अधिकाऱ्याला दम देण्याचं आहे. कोण कोणाला विचारतोय तेच त्या क्रियापदात बुडतं. मथळा लहान असू द्या, पण 'खडसावले' हे आढावा बैठकीसाठी ठेवा आणि 'जाब' सभागृहासाठी.

अधिकाऱ्याला स्वतःला उत्तर द्यावं लागतं ते समितीपुढे, आणि तिथला शब्द आहे साक्ष. सरकारी खर्चाचे लेखे तपासणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती, तिच्यापुढे खात्याच्या सचिवांची साक्ष होते. आमच्या जिल्हा परिषदेत पंचायत राज समिती यायची, आम्ही पीआरसी म्हणायचो. ती येणार असं पत्र आलं की वित्त विभागात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. समितीत आमदार असतात, वेगवेगळ्या पक्षांचे. स्थानिक निधी लेखापरीक्षणात जे आक्षेप निघालेले असतात त्यांना परिच्छेद म्हणतात, बोलताना 'पॅरा'. एकेक पॅरा घेऊन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष चालते. 'साहित्य खरेदीची निविदा का काढली नाही?' 'साठा नोंदवहीत नोंद का नाही?' आवाज चढवायची कोणाला गरजच नसते. समोर प्रमाणक, म्हणजे खर्चाचं व्हाउचर, ठेवा म्हटलं की झालं. प्रमाणक मिळालं तर पॅरा वगळला जातो, नाही मिळालं तर वसुली लागते किंवा अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केलं याचं लेखी उत्तर, मागवलं जातं. माझ्या पाहण्यात मोठमोठ्या भाषणांनी जे हललं नाही ते एका हरवलेल्या प्रमाणकाने हललेलं आहे. साक्ष हा कोर्टातला शब्द विधिमंडळाने उगाच घेतलेला नाही.

विचारणा : शिक्षिका

काका, ही साक्ष आणि पॅरा वर्गात नक्की घेणार. आणखी एक अडलंय. अर्थसंकल्पाच्या वेळी 'मागण्या' मतास टाकल्या जातात. मागणी तर आपण सरकारकडे करतो, मग तिथे मागतं कोण? आणि 'कपात सूचना' म्हणजे आमदारांना खरंच खात्याचे पैसे कमी करायचे असतात का? आपल्या जिल्ह्यासाठी पैसे मागणारा आमदार कपात सुचवतो, हे मुलांना पटत नाही.

उत्तर : निवृत्त लेखा कर्मचारी

मागतं सरकारच. हा शब्द मला फार योग्य वाटतो. रस्ते, पाटबंधारे, आरोग्य, प्रत्येक खात्याचा खर्च 'अनुदानाची मागणी' म्हणून विधानसभेपुढे येतो. कलम 203 नुसार विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून मान्य करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत आकड्यांवर 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द दिसतील. दत्तमत म्हणजे ज्यावर मत दिलं गेलं तो खर्च. भारित म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, थेट पडणारा, जसं राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचं व्याज. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. वर्षात मध्येच पैसे कमी पडले की पुरवणी मागण्या. नवं वर्ष सुरू होण्याआधी अर्थसंकल्प पूर्ण मंजूर होणार नसला की तोवरच्या खर्चापुरतं लेखानुदान.

आता कपात. वाढवायचा अधिकार नाही, म्हणून बोलायचा रस्ता कपातीतून काढलेला आहे. संसदेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर 'मागणी 1 रुपयापर्यंत कमी करावी' असं सुचवतात, ही धोरणविषयक कपात. उधळपट्टी वाटत असेल तर ठरावीक रक्कम सांगून काटकसरीची कपात. आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर '100 रुपयांनी कमी करावी', ही लाक्षणिक. कोट्यवधीच्या मागणीतून 100 रुपये कमी करून कोणाचं काही अडत नाही, पण त्या 100 रुपयांच्या निमित्ताने आपल्या भागातल्या रखडलेल्या रस्त्यावर बोलता येतं. म्हणून जिल्ह्यासाठी निधी मागणारा आमदारही कपात सूचना देतो. मुलांना सांगा, कपात हे तिथे बोलण्याचं तिकीट आहे.

उत्तर : पत्रकार

जाब सभागृहासाठी ठेवायचं पटलं, बातमीत पाळून बघतो. शब्द किती कामाला येतो ते कोल्हापूरने शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी पाहिलंय. शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील त्यात पुढे होते. विधानपरिषद आणि विधानसभा दोन्ही पाहिलेला माणूस. 'टोल देणार नाही' ही घोषणा होतीच, पण त्याबरोबर रस्त्यांचं काम खरोखर किती रकमेचं झालं याचं फेरमूल्यांकन हाही शब्द रंकाळ्यापासून राजारामपुरीपर्यंत चहाच्या गाड्यांवर पोचला होता. टोल शेवटी रद्द झाला. कागलच्या दादांचा झाडा तोच नव्हे का?

उत्तर : कागल तालुका

तोच. फकस्त आजीनं त्याला फेरमूल्यांकन म्हटलं नसतं.

विचारणा : शिक्षिका

आता एकच शंका. प्रश्नाच्या उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' आणि मंत्री बोलताना 'कार्यवाही करण्यात येईल', या दोन्हींत मुलांना फरक कसा सांगू? त्यांना दोन्ही टाळाटाळच वाटते.

उत्तर : निवृत्त लेखा कर्मचारी

क्रियापदाचा काळ बघायला सांगा. 'सुरू आहे' हे आजच्या स्थितीचं वर्णन आहे, त्यात वचन नाही. 'करण्यात येईल', 'चौकशी करू', 'अहवाल पटलावर ठेवू' हा भविष्यकाळ मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात निघाला की ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत धरतात. उत्तराचा मसुदा करताना वरिष्ठ साहेब आमच्या मसुद्यातला भविष्यकाळ शोधून शोधून काढायचे आणि तिथे 'सुरू आहे' किंवा 'तपासण्यात येत आहे' घालायचे, ते याच कारणाने. चांगला सदस्य मात्र उपप्रश्नात नेमकं तेच मागतो. 'कधीपर्यंत?' मंत्र्यांनी तारीख सांगितली की ती इतिवृत्तात छापली जाते. आणि मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर पुढे हक्कभंगाची सूचना येऊ शकते.

वर्गात एक करा. त्याच यादीतली कुठलीही पाच उत्तरं घ्या आणि मुलांना प्रत्येकासाठी एकच उपप्रश्न लिहायला लावा, 'कधीपर्यंत', 'किती' किंवा 'कोणता अंश' यांपैकी एक शब्द वापरून. जमलेले इथे टाकलेत तर मी वाचेन.