जुन्या फोर बाय फोर गाड्या: चिखलातले आणि रोजचे अनुभव सांगा

भातखाचर
परवा घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारीच्या अलीकडे एक जुनी जीप दिसली. हूड काढलेलं, समोरची काच बोनेटवर पाडलेली, मागे आवणीला निघालेल्या सात-आठ बायका. जीप डावीकडच्या शेतरस्त्याला उतरली. तिथे ड्रायव्हरने थांबून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला आणि तो आवाज आला, दात बसल्याचा. खर्रर्र, टक्. मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं तशीच बसून राहिले.

बाबांची जीप अशीच होती. दोन छोटे दांडे. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसरा हाय-लोचा, लो म्हणजे हळू पण जास्त जोराचा गिअर. पुढची जोडल्याशिवाय लो पडायचाच नाही, आतच तशी अडवणूक असते. १९९१ साली मी नववीत होते. आमच्या शेतरस्त्याच्या उतारावर बाबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. ‘आधी पुढची, मग लो. पहिल्यात टाक आणि आता दोन्ही पाय उचल.’ ब्रेकवरचाही, क्लचवरचाही. माझा जीव घशाशी आलेला. पण गाडी मुंगीच्या पावलांनी उतरत गेली, इंजिननेच तिला धरून ठेवलं. मागे बियाण्याची पोती होती आणि पोत्यांवर आई बसलेली. आई एक अक्षर बोलली नाही, खाली पोचल्यावर म्हणाली, ‘हिला जमतंय.’

जीप २००३ मध्ये विकली. बाबाही आता नाहीत. मी नाशिकला असते, आई गावी, दर शनिवारी जाते. शेवटचे तीन किलोमीटर जून ते सप्टेंबर म्हणजे नुसता रबडा. माझी छोटी गाडी वर डांबरीवर सोडते आणि तिथून चालत. आईला (वय ७४) दवाखान्यात न्यायचं तर तिलाही चालवत आणावं लागतं. यंदा ते नको वाटतंय.

जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे. जिप्सी, जुनी थार, सफारी, स्कॉर्पिओ, गुरखा, काहीही चालेल. ऑफिसलाही तीच न्यायची. कागदावरचे आकडे मला मिळतील, वापरलेल्यांनी सांगा. गाड्यांच्या आठवणी असतील त्याही लिहा.

पाटे_बुश_ग्रीस
जिप्सी. दुसरं काही बघू नकोस. सविस्तर रात्री लिहितो, दुकानात गर्दी आहे.

निवांत_दुपार
‘हिला जमतंय’ वाचून डोळे भरून आले गं. गाड्यांतलं काही कळत नाही, वाचतेय.

तेंदूपान
चंद्रपूरकर. ताडोब्यात जिप्सीच जिप्सी, त्यामुळे आमच्याकडे तिचं कौतुक वेगळं करावं लागत नाही. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसी होती, १९९६ पासून १३०० ची किंग. वजन हजार किलोच्या आसपास, हाच तिचा खरा गुण. जिथे दोन टनांची गाडी रुतते तिथून ही टुणकन निघून जाते. अडकलीच तर चार माणसं उचलून बाजूला ठेवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण एक सांगतो ताई. आमच्या काळ्या रेगडीत फोर बाय फोर असून उपयोग नसतो. माती टायरच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत होतं आणि मग चारही चाकं जागच्या जागी फिरतात. मातीचा थर मडगार्डपर्यंत जाऊन चाकच जाम होतं. काडीने खरवडत बसलोय मी तासतासभर. तिथे ऊन पडायची वाट बघायची, बस. तुमच्याकडे लाल-मुरमाड आहे का काळी? त्यावर टायर ठरवा. गाडीपेक्षा टायर महत्त्वाचे.

भातखाचर
@तेंदूपान, लाल आणि खाली दगड. खाचराजवळचा शंभरेक मीटरचा पट्टा मात्र लोण्यासारखा.

तेंदूपान
मग चांगले खोल नक्षीचे टायर आणि हलकी गाडी. काम होईल.

सड्यावरचा
जुनी थार, २०१२ ची, सीआरडीई (डिझेल). देवगडला आंब्याची बाग आहे, चिरेखाणीवरून वर जायला लागतं. अडीच लिटरचं डिझेल, आरपीएम न वाढवता ओढते, लोमध्ये भरलेल्या पेट्यांसकट चढ घेते. जीपसारखाच दांडा आहे, हाताला कळतं काय जोडलं ते. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे हायवेला जिप्सीपेक्षा पुष्कळ सुसह्य. मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत, त्यामुळे मागे बसणारा आडव्या सीटवर आदळतोच. दारं दोन. आईंना पुढे बसवायचं.

रोजचं विचारलंत म्हणून: आवाज आहे. हूडच्या फटीतून पाऊस येतो, मी बायकोच्या जुन्या नऊवारीच्या पट्ट्या कोंबतो. २०१५ नंतरच्या मॉडेलमध्ये मागच्या डिफरन्शिअलला (चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारा भाग) आपोआप पडणारं लॉक आलं. मागचं एक चाक हवेत फिरायला लागलं की ठक्कन आवाज येतो आणि दुसरं ओढायला लागतं. मिळाली तर तीच घ्या.

निवांत_दुपार
नऊवारीच्या पट्ट्या!! वहिनींना माहीत आहे का 😄

सड्यावरचा
तिनेच शिवून दिल्यात 😊

सासूबाईंचा_ड्रायव्हर
माझ्याकडे सफारी डायकॉर फोर बाय फोर नऊ वर्षं होती. सासूबाई तेव्हा ७०. मागे कॉइल स्प्रिंग, सीट सोफ्यासारखी, कोल्हापूर ते पुणे झोपून यायच्या. वृद्ध माणसाला बसायला त्या काळातल्या गाड्यांत याहून आरामाची मला माहीत नाही. मात्र चढायला उंच. मी जास्तीची पायरी वेल्डिंग करून घेतली आणि दाराशी आतून एक धरायचा दांडा.

दांड्याऐवजी डॅशबोर्डवर नॉब असतो. चालत्या गाडीत फोर हाय टाकता येतं, लोसाठी थांबून क्लच दाबायचा. माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. वर्षभर तो नॉब मी फिरवलाच नाही. आंबोलीजवळ मित्राच्या शेतात रुतलो तेव्हा दिवा नुसता लुकलुकत राहिला, पुढची चाकं जोडलीच नाहीत. ट्रॅक्टरने काढलं. तेव्हापासून दर महिन्याला कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोरमध्ये चालवायचा नेम केला. तेल फिरतं, सगळं मोकळं राहतं.

आणि वजन! दोन टनांच्या पुढे. तुमच्या लोण्याच्या पट्ट्यात ही बसली तर बसली.

हळदीचे_दूध
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी: पाय आधी आत टाकायचा नाही. पाठ सीटकडे करून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. माझ्या आईला फिजिओथेरपिस्टने शिकवलंय. पण हे सीट फार उंच नसेल तरच जमतं. त्यामुळे मापं घ्या, सीट जमिनीपासून किती.

निवांत_दुपार
@हळदीचे_दूध, दोन्ही गुडघे एकदम केले का तुमच्या आईचे? माझ्या आत्याला डॉक्टर दोन्ही एकत्र म्हणतायत.

हळदीचे_दूध
नाही, चार महिन्यांच्या अंतराने. तुमच्या विपूत (विचारपुशीत) लिहिते.

पाटे_बुश_ग्रीस
आलो. गॅरेज माझं नाही, स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण तीस वर्षं या गाड्यांची पोटं बघतोय.

जिप्सीचे पुढचे-मागचे दोन्ही अॅक्सल सरळ, चारही बाजूंना पाटे. साधी रचना, गावचा मिस्त्रीही उघडून बसवतो. जुन्या जिप्सीत पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारा मधला भाग) खाली उतरून हाताने फिरवायला लागतात. भर पावसात उतरावं लागतं म्हणून लोक कुरकुरतात. पण रोजच्या रस्त्यावर हब मोकळे ठेवले की पुढचा शाफ्ट फुकट फिरत नाही, पेट्रोल वाचतं. चिखल येण्याआधी फिरवायचे, रुतल्यावर नाही! रुतल्यावर चिखलात हात घालून हब शोधणारी माणसं रोज बघतो.

पण रोज ऑफिस आणि ७४ वर्षांच्या माउली म्हणाल तर सकाळचं माझं मत मागे घेतो. पाट्यांची गाडी रिकामी असली की फार उडते, पाठीला त्रास होईल. सैन्याच्या लिलावातली स्वस्त दिसते, तिचे कागद दहादा तपासा.

सगळ्यांसाठी अजून एक. या गाड्यांत (जिप्सी, थार, सफारी, स्कॉर्पिओ) फोर व्हील कोरड्या डांबरावर वापरायचं नाही. पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, तो फरक कुठेच सुटत नाही. गाडी बांधल्यासारखी होते, शेवटी शाफ्टचा क्रॉस (सांधा) तुटतो. चिखलात चाक घसरून फरक निघून जातो, म्हणून तिथे चालतं.

मस्कतवासी
@पाटे_बुश_ग्रीस, अगदी. म्हणूनच मला जुनी प्राडो आवडते, तिला मध्ये डिफरन्शिअल आहे, कायम चारही चाकांवर. भारतातली पजेरो एसएफएक्सही डांबरावर फोरमध्ये चालते.

वाळूचा अनुभव लिहितो. इथल्या, ओमानमधल्या वहिबाच्या वाळवंटात पहिल्यांदा गेलो तेव्हा ३२ च्या हवेने घुसलो आणि पन्नास मीटरवर पोटावर बसलो. एक बदू (वाळवंटी टोळीतला) म्हातारा आला, काही बोलला नाही, खिशातून काडी काढून चारही टायरची हवा सोडायला लागला. १६ वर आणली. मग मला हाताने खूण केली, हळू. गाडी वाळूवर तरंगत निघाली. टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग वाढतो. ती गोष्ट मी चिखलातही वापरतो, २० पर्यंत. फक्त डांबरावर परत आलात की हवा भरायचीच, नाहीतर टायर तापून फुटतो. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

मोगरा_आणि_मी
आमच्या दापोलीकडे लोक गाड्या थेट किनाऱ्यावर नेतात, भरती येते आणि मग धावपळ. कृपा करून नेऊ नका हो. कासवांची अंडी असतात वाळूत. आणि खारं पाणी चासी खातं ते वेगळंच.

सड्यावरचा
+१०० मोगरा. समुद्राची हवा तरी लागतेच. दर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्याने धुवायची.

दोरखंड
एक कळकळीची विनंती. अडकलेली गाडी ओढताना दोर बंपरला बांधू नका, चासीच्या हुकालाच. आणि दोर ताणलेला असताना आजूबाजूला कोणी उभं नको, मुलं तर मुळीच नकोत. राजमाचीच्या वाटेवर आमच्यासमोर दोर तुटला, लोखंडी हुक उडून मागच्या गाडीच्या काचेतून आत गेला. सीटवर कोणी नव्हतं. अजून आठवलं की हात थरथरतात. आता मी दोराच्या मध्यावर भिजलेलं गोणपाट टाकतो, तुटला तरी उसळी कमी होते.

निवांत_दुपार
बापरे. देवाची कृपा.

कागदपत्र_नीट
महाराष्ट्रात १५ वर्षांनी पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, मग दर ५ वर्षांनी तेच. २०१० च्या आधीची घेत असाल तर हा खर्च किमतीतून वजा करून बोला. इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः खरवडून वाचा. मी वाचला नव्हता, आठ महिने हेलपाटे घातले.

कळसूबाईच्या_पायथ्याशी
@भातखाचर, बारी, भंडारदरा म्हणजे राजूरच्या बाजूच्या का तुम्ही? माझं माहेर तिथलंच!

भातखाचर
हो! राजूरच्या पुढे. पेढे घेतल्याशिवाय नाशिकला परतत नाही मी.

कळसूबाईच्या_पायथ्याशी
अगं आई गं. पेढे. मी बंगळुरूला आहे, चार वर्षं झाली खाऊन. यंदा काजवे बघायला तरी आले पाहिजे होते.

भातखाचर
सगळ्यांचे मनापासून आभार. @हळदीचे_दूध, टेप घेऊन गेले होते. काल आईला नाशिकला आणलं आणि तीन गाड्यांत बसवलं. जिप्सीत पटकन चढली, पण उतरताना कंबर धरली. सफारीत म्हणाली, ‘छान आहे, पण मी डोंगरावर बसल्यासारखं वाटतंय.’ पायरीवरही दोनदा अडखळली.

तिसरी २०१६ ची थार, एका शेतकऱ्याची, टपाला गंज नाही. पुढच्या सीटवर बसली, समोरचा धरायचा दांडा पकडला आणि बराच वेळ गिअरकडे बघत राहिली. मग छोट्या दांड्यावर हात ठेवून विचारलं, ‘लो हाच ना?’ मी हो म्हटलं. ‘मग पोती मागे मावतील,’ म्हणाली.

@पाटे_बुश_ग्रीस, टोकन द्यायच्या आधी काय बघू?

पाटे_बुश_ग्रीस
घेऊनच टाका. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला बघा, शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का. हाऊजिंगला तेलाचा ओघळ आहे का. मागचे पाटे मोजा, एखादा तुटलेला असतो. लोमध्ये टाकून उतारावर पाय उचलून बघा, गिअर सुटतोय का. मालकाला सांगा गाडी थंड असताना सुरू करून दाखव.

भातखाचर
उद्या सकाळी सातला जाते. मालकाने गाडी रात्रभर बंद ठेवायचं कबूल केलंय.