'डिटी' म्हणजे नेमकं कसलं गाणं? फुगडीच्या गाण्यांना चालेल का?

सांखळीवाली:
नमस्कार मंडळी, एक अर्जंट शंका आहे. आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या पथकाचा पणजीला प्रोग्राम ठरलाय, फुगडी, थोडे धालो (हाही बायकांचाच गाण्यानाचाचा प्रकार) आणि शेवटी घुमट आरती (घुमट म्हणजे चामडं लावलेलं मातीचं वाद्य, त्याच्या साथीने म्हणतात ती). बघायला बाहेरचे लोक, फॉरेनर वगैरे पण असणार म्हणून एक पानभर इंग्रजी माहिती छापायची आहे. मराठी मजकूर मी लिहिला, इंग्रजी माझ्या भाच्याने केलं, तो बंगळूरला नोकरीला असतो. तर त्याने फुगडीची गाणी म्हणू नका, धालोची म्हणू नका, सगळ्यांना सरसकट 'सिंपल डिटीज' करून टाकलंय. डिक्शनरीत बघितलं तर छोटं साधं गाणं असाच अर्थ दिलाय, म्हणजे चूक अशी काही सापडत नाही, पण वाचलं की खटकतं आणि का खटकतं ते सांगता येत नाही. भाचा म्हणतो मावशी तू उगाच खुसपट काढतेस. हा शब्द इंग्रजीत नेमका कधी वापरतात? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

तारवटी_रिटायर्ड:
आम्हाला डिटी म्हटलं की डिटी बॅगच आठवते. बोटीवर सुई, दोरा, बटणं, कात्री, दाढीचं सामान ठेवायची छोटी पिशवी असते तिला डिटी बॅग म्हणतात. गाण्याशी तिचा संबंध आहे की नाही देव जाणे 😄

व्याकरणाची_बाय:
तारवटीबाब, त्या पिशवीच्या नावाचं मूळ पक्कं कुणालाच सापडलेलं नाही, ती बाजूला ठेवूया.

सांखळीवाली, गाण्यातला डिटी जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधला 'डिक्टारे' आहे, म्हणजे तोंडाने सांगून लिहून घेणं, रचणं. डिक्टेशन, डिक्टेटर हे त्याच घरातले. तेव्हा सुरुवातीला या शब्दात साधेपणा, किरकोळपणा असं काही नव्हतं, रचलेली गोष्ट एवढंच. नंतर बराच काळ डिटी म्हणजे गाण्याचे शब्द, चालीपासून वेगळे काढलेले. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये दोन पोरं गाणं म्हणतात आणि ते ऐकून विदूषक टोमणा मारतो की डिटीत तर काही दम नव्हताच आणि सूर त्याहून बेसूर. तिथे डिटी म्हणजे शब्द, सूर वेगळा. कीट्सने 1819 च्या त्या ग्रीक कलशावरच्या कवितेत डिटीज हाच शब्द घातलाय, न ऐकू येणाऱ्या गाण्यांसाठी, आणि तिथे तो अगदी भारदस्त आहे.

पण आज तो भारदस्तपणा उरलेला नाही. आज कुणी डिटी म्हटलं की त्यात तीन गोष्टी एकदम येतात, गाणं छोटं आहे, चाल डोक्यात बसणारी आहे आणि त्याला कुणी फार सीरियसली घेत नाही. म्हणून त्याच्या मागे लिटल, कॅची, सिली असली विशेषणं लागतात. शिवी नाही हं, उलट बऱ्याचदा लाडाने वापरतात. स्वतःच्या गाण्याबद्दल 'अशीच एक छोटी डिटी केलीय' म्हटलं तर तो विनय, पण दुसऱ्याच्या गाण्याला स्टेजवरून डिटी म्हटलं तर तो कान टवकारतो. तुम्हाला जे खटकतंय ना ते हेच, आणि भाच्याने त्यात वर 'सिंपल' पण जोडलंय, म्हणजे आधीच छोटं केलेलं आणखी छोटं.

मांडवीकाठ:
मग जिंगल आणि डिटीत फरक काय? मला दोन्ही सेमच वाटायचं

व्याकरणाची_बाय:
जिंगलला काहीतरी विकायचं असतं, साबण, बिस्किट, पक्ष. डिटीला काही विकायचं नसतं. नर्सरी राइम म्हणजे आपलं बडबडगीत, पोरांसाठी. बॅलडमध्ये गोष्ट लागते, कोण होता, काय झालं, मेला की जगला. शँटी खलाशांचं, दोर ओढताना ताल धरायला म्हटलेलं, ते तारवटीबाब जास्त सांगतील.

घुमट_शामेळ:
मी जरा स्पष्टच बोलतो, राग मानू नका. धालोच्या गाण्यांना डिटी म्हणणं मला अजिबात पटत नाही. धालो मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागी होतात, पौषात, रात्री, मांड सारवून दिवा लावून देवांना गाऱ्हाणं घालून मग बायका समोरासमोर दोन ओळी करून वाकत मागे पुढे जातात. शेवटच्या दिवशी मांड शिंपल्याशिवाय उठत नाहीत. ते रिच्युअल आहे बाबा. गाणं साधं आहे हे खरं, दोन ओळी फिरून फिरून येतात, पण साधं आहे म्हणून हलकं नाही. देवळातल्या पदाला कुणी डिटी म्हणेल काय? आणि आमच्या घुमटाला तर सरकारने 2019 मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय, त्या आरत्यांना भाच्याने काय लिहिलंय ते आधी सांगा, भीतीच वाटते 😅

फू_बाय_फू:
घुमटवाल्यांशी धालोबद्दल 100 टक्के सहमत, पण फुगडीला मात्र मी डिटी म्हणू देईन, आणि मी स्वतः चवथीला फुगडी घालणारी आहे. आमच्या गाण्यांचा अर्थ विचारायला जाऊ नका कुणी, अर्ध्या गाण्यांत तो नाहीच! पहिली ओळ गणपतीची असते, दुसरी सासूची, तिसरीत एकदम भेंड्याची भाजी येते कारण यमक जुळलं, आणि त्यात ज्या घरी घालतोय त्या घरच्या सुनेचं नाव घुसडायचं, मग ती लाजते, बाकीच्या हसतात. वेग वाढला की शब्द गळतात, शेवटी दोघी दोघी गरगर फिरताना नुसता फू फू उरतो आणि मागे पायांचा आवाज. हे कॅची आहे, छोटं आहे, मजेचं आहे. कुणी लाडाने डिटी म्हटलं तर मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त कळशी फुगडी वगळा, ती महालक्ष्मीपुढे घालतात, तिचं प्रकरण वेगळं.

मांडवीकाठ:
मग दुलपद पण डिटीच की. मांडो आणि दुलपद ही दोन्ही आपली गोव्याची कोंकणी गाणी. मांडो संथ, सहा चारचा ताल, कुणीतरी बसून रचलेला, प्रेम विरह वगैरे. मांडो संपला की लगेच सहा आठमध्ये दुलपदं सुरू, एकाला एक जोडून, शेजारणीची कागाळी, गावातला किस्सा, कुणी केलं ते बहुतेकांचं माहीतही नाही. मांडोला डिटी म्हणालात तर मडगावची माणसं घरी येऊन भांडतील पण दुलपदाला म्हटलं तर कदाचित हसून सोडून देतील. तियात्रातलं, म्हणजे कोंकणी नाटकातलं कांतार (गाणं) मला बसत नाही यात, ते चांगलं लांब असतं आणि राजकारण्यांची सालटी काढतं.

व्याकरणाची_बाय:
दुलपदाचं उदाहरण अगदी बरोबर. मी तुमच्या जागी असते तर पत्रकात फुगडी, धालो ही नावं तशीच ठेवली असती आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या वाक्यात काय ते सांगितलं असतं. धालोसाठी 'साँग्ज' पुरे, हवं तर 'रिच्युअल साँग्ज'. डिटी ठेवायचाच असेल तर फुगडीपुरता, एकदाच, आणि 'सिंपल' काढून 'प्लेफुल' घाला, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे मुद्दाम गमतीचं आहे, बायकांना दुसरं येत नाही म्हणून नाही.

सांखळीवाली:
देव बरें करूं सगळ्यांचं! भाच्याला थ्रेडची लिंक पाठवली, तो आधी म्हणाला एवढ्याशा शब्दावर एवढी चर्चा, मग शेक्सपिअर वाचून गप्प झाला. आता धालोला 'रिच्युअल साँग्ज', फुगडीला 'प्लेफुल डिटीज'. पथकातल्या बायकांना विचारलं, त्यांचं म्हणणं काय पण लिही पण आमची नावं स्पेलिंगसकट बरोबर छाप. आणि घुमटबाब, आरतीला त्याने 'क्लोजिंग ट्यून' लिहिलं होतं, ते मी सकाळीच खोडून 'आरती' केलं.

घुमट_शामेळ:
क्लोजिंग ट्यून!!! बातम्या संपल्यावर लावतात तशी? बरं झालं खोडलं ते. प्रोग्राम किती वाजता आहे ते टाका, आमच्यातले दोघेतिघे येतील म्हणतात.