मदत हवी: किचनसाठी जुनी एसएस (स्टेनलेस स्टील) टेबलं घेऊ का?

पेजपाणी, मालवण
बंद पडलेल्या एका रिसॉर्टची पाच टेबलं मिळतायत. विकणारा 304 ग्रेडचं स्टील म्हणतो. चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही. एकाच्या पायांवर तांबडे डाग आहेत. उद्या टेम्पो ठरलाय. घेऊ की नको, लवकर सांगा.

खाडीवाला
माप काय? पत्रा किती गेजचा, म्हणजे किती जाड? मासळी काय बेकरी, ता आधी सांग.

पेजपाणी, मालवण
साधी टेबलं, किचनमध्ये असतात तशी. घेऊ का एवढंच विचारलंय.

आर्गॉन
चुंबक चिकटत नाही म्हणून 304 ठरत नाही. 202 ग्रेडला पण चिकटत नाही, त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. उलट चांगल्या 304 ला दुमडलेल्या कोपऱ्यावर किंचित ओढ लागते. भंगारवाल्यांकडे तपासायचं लिक्विड असतं. टेबलाच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपर मारा, एक थेंब टाका, 9 व्होल्टची बॅटरी लावा. लाल झालं की 202.
पत्रा वाकवलेल्या कडेच्या ओठावर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून मोजा, पण घडी दुहेरी असेल तर दुप्पट भरेल. 1.2 मिमी, म्हणजे 18 गेज, हवाच. 0.8 मिमीवर मोठा टोप ठेवला की मध्ये खोलगा पडतो आणि पाणी तिथेच साचतं.

किनारपट्टी
समुद्राजवळ 304 चा काय उपयोग? 316 ग्रेडच घ्या. त्यातल्या मोलिब्डेनम धातूमुळे खारी हवा सोसतो.

आर्गॉन
जुन्या बाजारात 316 चं टेबल दाखवा मला. आतल्या किचनला 304 पुरतो, रोज गोड्या पाण्याने धुऊन कोरडा पुसला तर. ब्लीच किंवा मिठाचं पाणी वर सुकू दिलंत तर 316 ला पण खड्डे पडतील.

गजाली
त्यापेक्षा कडप्प्याचा ओटा घाला. आयुष्यभर बघायला नको.

खाडीवाला
कडप्पा म्हणजे चुनखडी. कोकम, लिंबू सांडलं की पॉलिश गेलंच. आणि ओटा विचारलाय कोणी?
पेजपाणी, टेबल उलटं करून बघा. खाली पत्र्याच्या पट्ट्या आहेत की प्लाय?

पेजपाणी, मालवण
मासेच साफ करायचेत. दोन टेबलांना प्लाय आहे, एका कडेला फुगलाय.

खाडीवाला
मग ती दोन सोडा. प्लायमध्ये पाणी मुरतं, वास जात नाही, झुरळं आत घर करतात.

आर्गॉन
डागवाल्या पायांवर स्कॉचब्राइट मारा, तारेचा काथ्या नको, त्याचेच लोखंडी कण गंजतात. डाग गेला आणि खाली गुळगुळीत असेल तर चालेल. खड्डा लागला तर पाईप बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. बुडाचे नायलॉनचे बूट पण मोजून घ्या. ते नसले की धुण्याचं पाणी पाईपात चढतं.

गजाली
टेम्पो कुडाळवरून येतोय का? जागा उरली तर एक डीप फ्रीझर टाकायचा होता.