प्लस मेझवर बाल्ब-सी उंदीर बाहेरच येत नाहीत, स्ट्रेन (वाण) की खोलीतला उजेड?

पीएचडीवाली: नमस्कार मंडळी, ब्लॅक सिक्स आणि बाल्ब-सी हे उंदरांचे दोन्ही स्ट्रेन एलिव्हेटेड प्लस मेझवर घेतेय (भीती मोजायची उंचावरची अधिकच्या चिन्हासारखी चौकट, दोन आर्म भिंतींनी बंद, दोन उघडे). बाल्ब-सी बंद आर्ममध्येच दबा धरून बसतात, ठीक आहे, ते भित्रे म्हणूनच ओळखले जातात. पण मधेच खोलीतल्या जुन्या ट्यूबा काढून एलईडी लावल्या आणि पुढच्या बॅचला ब्लॅक सिक्ससुद्धा ओपन आर्मवर जाईनासे झाले. गाईड म्हणतात स्ट्रेनचा फरक दिसतोय ना, दोन्ही बॅच एकत्र करून टाक. मला पटत नाहीये, काय करू?

बिळातला: अजिबात एकत्र करू नकोस. उंदीर निशाचर प्राणी, लख्ख उजेडात उघड्यावर जायला तो घाबरणारच, लाईट-डार्क बॉक्स (अर्धा उजेडी, अर्धा अंधारा डबा) तर १९८० पासून याच भीतीवर चालतोय. त्यात बाल्ब-सी अल्बिनो, डोळ्यात रंगद्रव्यच नाही, बुबुळ उजेड अडवत नाही म्हणून तेवढ्याच उजेडात त्याचे डोळे जास्त दिपतात. म्हणजे तू मोजतेयस त्यात स्वभाव किती आणि डोळे किती, हे आत्ता कोणीच सांगू शकणार नाही. लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) घे आणि चारही आर्मच्या टोकाला, उंदराच्या उंचीवर मोज, छताखाली नाही.

जुनी_लॅबवाली: १९९९ साली क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा ३ लॅबमध्ये एकच प्रयोग केला होता, तेच ८ जीनोटाइप (उंदरांचे जनुकीय प्रकार), वय, उपकरणं, दिवे लागायची वेळ सगळं जुळवून, तरी प्लस मेझचे आकडे लॅबगणिक बदलले. तुझ्याकडे तर दिवेच बदललेत बाई! गाईडना हा पेपर नेऊन दाखव, रागावणार नाहीत.

रात्रपाळी: अजून एक, कंट्रोल म्हणून (तुलनेसाठी) सी३एच स्ट्रेन घ्यायचा विचार असेल तर थांब. त्यांच्यात डोळ्याचा पडदा खराब करणारं आरडी१ म्युटेशन असतं, दूध सुटायच्या सुमारास दृष्टी जवळपास गेलेली असते, मग ते उजेडात बिनधास्त फिरले तर त्याला धीट म्हणायचं का? आणि ब्लॅक सिक्समध्ये मेलाटोनिन (रात्री बनणारं हार्मोन) जवळजवळ बनतच नाही, सी३एचमध्ये बनतं, त्यामुळे टेस्ट दिवसा घेतली की रात्री हेही प्रत्येक वेळी लिहून ठेव. आम्ही उजेड-अंधाराची सायकल उलटी करून मंद लाल दिव्यात घेतो, लाल त्यांना फार कमी दिसतं.

पीएचडीवाली: आत्ताच मोजून आले. खिडकीकडच्या ओपन आर्मवर समोरच्यापेक्षा जवळपास दुप्पट उजेड आहे!! इतके दिवस मी तो बघितलाच नव्हता. उद्या पडदा लावते आणि दोन्ही स्ट्रेन एकाच दिवशी आलटून पालटून, मंद आणि लख्ख अशा दोन्ही उजेडात घेते. जुन्या बॅच वेगळ्याच ठेवणार, गाईडना सकाळी सांगते.